आजोबांच्या वह्या आणि बाबांचा टॅबलेट: पॉइंटर जोडण्याच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

आजोबांच्या अकराही वह्यांचे फोटो काढून झाले. १,१४२ पानं. बाबा एकेक पान वाचून टॅबलेटला सांगतात आणि टॅबलेट ते मराठीत टाइप करतो. सांगण्याचं काम छान चाललंय. अडतं ते दुरुस्तीत. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’: उच्चार जवळपास सारखा, फरक फक्त वेलांटी-उकारात. असा प्रत्येक शब्द नंतर हाताने सुधारावा लागतो, आणि बाबांचा उजवा हात कापतो.

आज शेजारी बसून नीट पाहिलं. एका वेलांटीसाठी त्यांनी पाच वेळा बोट टेकवलं. दोनदा कर्सर शेजारच्या शब्दात गेला, एकदा ओळच बदलली, एकदा बोट जास्त वेळ राहिल्यामुळे शब्द निवडला जाऊन कॉपी-पेस्टची पट्टी उघडली. पाचव्यांदा जमलं. सगळा दोष हाताचा मात्र नाही. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बोटाने दाबायचं बटण निदान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावं. बाबांनी अक्षर मोठं ठेवलंय, तरी एक अक्षर चार मिलिमीटरच्या आसपासच भरतं. शिवाय बोट टेकवलं की नेमकं तेच अक्षर बोटाखाली झाकलं जातं.

मी लॅपटॉपचं सुचवून पाहिलं. बाबा म्हणाले, “नको गं. हा मांडीवर घेता येतो, पान दोन बोटांनी मोठं करून बघता येतं. फक्त ते टोचायचं काम तेवढं सोपं करून दे.”

तेव्हा काम ठरलं. टॅबलेट हाच. त्याला बाबांच्या हाताला झेपेल असं काहीतरी जोडायचं. सुरुवात घरात आहे त्या वस्तूंपासून: एक ब्लूटूथ माऊस, एक रिसीव्हरवाला माऊस आणि माझ्या आयपॅडचा ट्रॅकपॅड.

५ जानेवारी

ब्लूटूथ माऊस जोडला. पोटाखालचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये ‘नवीन डिव्हाइस पेअर करा’ निवडायचं, यादीत नाव आलं की त्यावर टॅप करायचं. ना कोड लागला ना ॲप. पडद्यावर बाण उमटला. अँड्रॉइडला माऊस चालतो हे नवीन नाही, २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून ती सोय आहे. टॅबलेट हातात असलेल्या कितीतरी जणांना मात्र ती ठाऊक नसते. बाबांनाही नव्हती, आणि इतकी वर्षं मीही त्यांना सांगितली नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते, पुढे विसरायला नको. या माऊसला तीन चॅनेल आहेत. पहिल्यावर माझा लॅपटॉप आहे, म्हणून टॅबलेट दुसऱ्यावर घेतला. जुन्या चॅनेलवरच नवं यंत्र जोडलं तर आधीची जोडणी पुसली जाते. मग जुन्या यंत्राच्या यादीत माऊसचं नाव दिसत राहतं, पण जोडणी होत नाही. तसं झालंच तर दोन्हीकडून पहिल्यापासून सुरू करावं: यंत्राला ‘विसरा’ सांगायचं, माऊसवर बटण दाबून धरायचं, पुन्हा जोडायचं.

दुपारी बाबांच्या टेबलावर बाण जागच्या जागी थरथरला, मधेच उड्या मारू लागला. क्षणभर वाटलं हाताचं कंपन असेल, पण माझ्या हातातही तेच. टेबलाला काच आहे. माऊसच्या पोटातला सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो बारीक फोटो काढतो आणि एका फोटोतला खरखरीतपणा पुढच्या फोटोत किती सरकला यावरून हालचाल मोजतो. स्वच्छ काचेत त्याला धरायला काहीच सापडत नाही. वहीचा जाड पुठ्ठा खाली ठेवला, बाण सरळ चालू लागला.

८ जानेवारी

तीन दिवसांत ब्लूटूथ माऊसची एकच तक्रार: तो झोपतो. बाबा पानभर वाचून सांगतात, मग माऊसला हात लावतात, आणि पहिला सेकंदभर काहीच होत नाही. सेल वाचवण्यासाठी तो रेडिओ बंद करून बसलेला असतो. हालवल्यावर जागा होतो, टॅबलेटला शोधतो, मग बाण येतो. मला याची सवय आहे. बाबांना मात्र दर वेळी वाटतं की बिघडला, आणि ते तो जोरात घासतात. जोडणी झाली की बाण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला.

म्हणून आज रिसीव्हरवाला माऊस लावून पाहिला. रिसीव्हर जुन्या रुंद यूएसबीचा, टॅबलेटचं तोंड टाइप-सी, मधे छोटं ओटीजी अडॅप्टर. लावता क्षणी बाण हजर. जोडणी रिसीव्हर आणि माऊस यांच्यात कारखान्यातच झालेली असते, टॅबलेटला तो तारेच्या माऊससारखाच दिसतो. झोपेतून उठायलाही वेळ लागला नाही.

पण संध्याकाळी बाबांनी हाक मारली, “अगं, माइक गेला.” पडद्यावरचा कीबोर्डच उघडत नव्हता. कर्सर लुकलुकतोय, कीबोर्ड नाही, म्हणजे बोलून टाइप करण्याचं माइकचं बटणही नाही. सगळं काम ठप्प. टॅबलेट बंद करून चालू केला, फरक नाही. रिसीव्हर काढला की कीबोर्ड परत येतो, लावला की जातो.

९ जानेवारी

कारण सापडलं. हा रिसीव्हर माऊस आणि कीबोर्ड दोघांसाठी बनवलेला आहे. एकाच रिसीव्हरवर दोन्ही चालतात. त्यामुळे आमच्याकडे फक्त माऊस असला तरी तो टॅबलेटला सांगतो, ‘मी माऊस आहे आणि कीबोर्डही आहे.’ खरा कीबोर्ड जोडलाय असं समजून टॅबलेट पडद्यावरचा कीबोर्ड लपवतो. सेटिंग्जमध्ये भाषा आणि इनपुटच्या भागात ‘फिजिकल कीबोर्ड’ म्हणून पान आहे, तिथे ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड वापरा’ हे चालू केलं. माइक परत आला. हे पान एरवी दिसतच नाही, कीबोर्ड जोडलेला असल्याशिवाय बऱ्याच टॅबलेटवर ते यादीत येत नाही, त्यामुळे काल रिसीव्हर काढून शोधत बसले ते वाया गेलं. शोधायचं असेल तर रिसीव्हर लावूनच शोधावं.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण असं की असं घडल्यावर कोणालाही माऊस खराब आहे असंच वाटेल, आणि तो कपाटात जाईल.

१२ जानेवारी

आठवडाभर बाबांना शिकवताना माझ्या लक्षात आलं की बोट आणि माऊस यांतला फरक मी स्वतःच कधी नीट मांडला नव्हता. बोट जागा सांगतं: इथे. माऊस जागा सांगत नाही, सरकणं सांगतो: जिथे आहेस तिथून इतकं उजवीकडे, इतकं खाली. म्हणूनच पुठ्ठा संपला की माऊस उचलून अलीकडे ठेवला तरी बाण जागचा हलत नाही. बाबा उचलायला घाबरत होते, बाण पडेल की काय असं त्यांना वाटायचं. मी त्यांना पहिल्या माऊसची गोष्ट सांगितली. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली बनलेला तो नमुना लाकडी होता आणि त्याच्या पोटात एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं होती, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. उचललं की चाकं फिरत नाहीत, मग बाण कसा हलेल? हे त्यांना लगेच पटलं. आता ते बिनधास्त उचलतात.

टॅबलेटवर माऊस चालवताना लॅपटॉपची सवय काही ठिकाणी आड येते. ॲप उघडायला दोनदा क्लिक करायचं नाही, एकदाच पुरतं. मजकुराच्या चौकटीत डावं बटण दाबून ओढलं तर अक्षरं निवडली जातात, पण वाचायच्या पानावर तेच केलं तर पान सरकतं, कारण तिथे अँड्रॉइड त्या ओढण्याला बोटाचं ओढणं समजतो. वाचताना चाक फिरवायचं, ओढायचं नाही, एवढा नियम बाबांनी लक्षात ठेवलाय. उजव्या बटणाचं काम ॲपप्रमाणे बदलतं. कुठे मेनू उघडतो, कुठे काहीच होत नाही, आणि बऱ्याच जुन्या टॅबलेटवर उजवं बटण म्हणजे ‘मागे’. सध्या उजवं बटण आमच्या हिशेबात नाही.

मजकुरात मात्र पॉइंटरला तोड नाही. बाण अक्षरांवर आला की उभ्या दांडीसारखा होतो, खालचं काही झाकत नाही, नेमका दोन अक्षरांच्या मधे ठेवता येतो. कर्सर जोडाक्षराच्या पोटात शिरत नाही, त्याच्या पुढे किंवा मागेच उभा राहतो. तेवढं पुरतं. ‘दि’च्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा दाबली की फक्त वेलांटी जाते, ‘द’ तसाच राहतो, मग दीर्घ वेलांटी द्यायची. आमच्या टॅबलेटवर एका बॅकस्पेसला एकच चिन्ह पुसलं जातं, अख्खं अक्षर नाही. ही वागणूक मराठीच्या दुरुस्तीसाठी फार सोयीची आहे.

दोनदा क्लिक केलं की अख्खा शब्द निवडला जातो. चुकीचा शब्द पूर्ण बदलायचा असेल तर हे सगळ्यात बरं: दोनदा क्लिक, माइक, शब्द पुन्हा उच्चारायचा.

१५ जानेवारी

आता मूळ प्रश्न, हाताचं कंपन.

आज दोन तास फक्त वेगाचे प्रयोग केले. वेग दोन ठिकाणी ठरतो आणि दोन्हींचा गुणाकार होतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. एक माऊसचा स्वतःचा डीपीआय, म्हणजे इंचभर सरकण्यात तो किती ठिपके मोजतो: आमच्या माऊसला ८००, १२०० आणि १६०० असे तीन टप्पे आहेत, चाकामागच्या बटणाने बदलतात. दुसरा टॅबलेटमधला ‘पॉइंटरचा वेग’. माऊस १६०० वर होता. तो ८०० वर आणला, तेवढ्यानेच बाणाची थरथर निम्मी झाली. मग टॅबलेटचा वेगही मधल्या खुणेच्या बराच खाली घेतला. थरथर जवळजवळ दिसेनाशी झाली, पण पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला माऊस चारदा उचलावा लागू लागला.

म्हणजे वेग कमी केला की नेम सुधारतो, पण प्रवास वाढतो. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो: लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतरावर आणि लक्ष्याच्या रुंदीवर ठरतो. त्यातून एक उपाय सुचला. वेगाशी झगडण्याऐवजी अंतर कमी करायचं. विभाजित पडद्यावर फोटो डावीकडे आणि मजकूर उजवीकडे असतो. मजकुराची बाजू अरुंद केली, ओळी आखूड झाल्या, आणि कीबोर्डवरच्या माइकपासून मजकुरापर्यंतचा प्रवास निम्म्यावर आला.

आणखी एक. क्लिक करताना बोटाचा जोर लागतो आणि त्या धक्क्याने माऊसच सरकतो. बाबा बाण बरोबर जागी नेतात, आणि क्लिकच्या क्षणी तो शेजारी जातो. वेग कितीही कमी केला तरी हे राहतंच.

१९ जानेवारी

क्लिकच नको करायला, असा विचार करून ‘ऑटोक्लिक’ चालू केलं. ॲक्सेसिबिलिटीमध्ये वेळेच्या नियंत्रणांत ते सापडतं: बाण थांबला की ठरलेल्या वेळाने आपोआप क्लिक. हा वेळ आपण निवडायचा, मी १ सेकंद ठेवला. पहिली दहा मिनिटं बाबा इतके खूश होते की मी हे काम संपलं असंच धरलं होतं.

तासाभराने पाहिलं तर परिच्छेदाच्या मध्ये दुसऱ्याच ओळीतलं वाक्य घुसलेलं. बाबांना वाचताना ओळीवर बाण ठेवायची सवय आहे, जसं आपण पुस्तकात बोट ठेवतो. बाण थांबला की क्लिक, क्लिक झालं की कर्सर तिथे, आणि पुढचं सांगितलेलं वाक्य तिथे टाइप होतं. दोन पानं पुन्हा करावी लागली. बाबा काही बोलले नाहीत, पण थकलेले दिसले.

ऑटोक्लिक बंद केलं. ज्यांना बटण दाबताच येत नाही त्यांच्यासाठी ते मोलाचं आहे, यात मला शंका नाही. वाचत वाचत दुरुस्ती करणाऱ्या माणसाला ते जमत नाही.

२२ जानेवारी

ट्रॅकपॅडची पाळी. आधी माझ्या आयपॅडवर बाबांना बसवलं, कारण तिथे हे सगळं सर्वांत गुळगुळीत चालतं. दोन बोटांनी पान सरकतं, चिमटीने फोटो मोठा होतो, तीन बोटं वर नेली की होम स्क्रीन. माझ्या आयपॅडवरच्या आवृत्तीत पॉइंटर बाणाऐवजी छोटं गोल वर्तुळ आहे. ते बटणाजवळ आलं की बटणाचाच आकार घेऊन त्याला चिकटतं. कापणाऱ्या हाताला ते चिकटणं चांगलंच उपयोगी आहे: नेम थोडा चुकला तरी बटण सुटत नाही. मजकुरात गेल्यावर उभी दांडी.

आयपॅडवर पॉइंटर कसा आला हे बाबांना सांगितलं. २०१९ च्या आयपॅडओएस १३ मध्ये तो प्रथम आला तेव्हा साध्या सेटिंग्जमध्ये नव्हताच. ॲक्सेसिबिलिटीतल्या असिस्टिव्हटचच्या आत होता, ज्यांना पडद्याला हात लावणं जड जातं त्यांच्यासाठी. मार्च २०२० मध्ये १३.४ आवृत्ती आली आणि मग तो सगळ्यांसाठी खुला झाला. बाबा ऐकून म्हणाले, “म्हणजे आधी माझ्यासारख्यांसाठीच केला होता की.” ते वाक्य मला दिवसभर पुरलं.

पण बाबांची अडचण ट्रॅकपॅडवर वेगळीच निघाली. कापणारं बोट काचेवरून नकळत उचललं जातं आणि पुन्हा टेकतं, यंत्राला तो टॅप वाटतो. ‘टॅप करून क्लिक’ बंद केलं, मग खोटे क्लिक थांबले, पण क्लिकसाठी आता पॅड दाबावा लागतो आणि दाबताना बोट सरकतं. शिवाय आयपॅड माझ्या कामाचा, तो कायमचा देता येणार नाही.

ट्रॅकपॅड बाबांच्या अँड्रॉइडला जोडून पाहायचा विचार होता. त्याआधी शेजारच्या मित्राने दिलेला ट्रॅकपॅडसहित छोटा ब्लूटूथ कीबोर्ड लावून पाहिला. बाण चालला, दोन बोटांनी पान सरकलं, चिमूट मात्र कशालाच लागू पडेना, आणि तीन बोटं फिरवली की भलतंच काही व्हायचं. असे बरेच स्वस्त ट्रॅकपॅड यंत्राला स्वतःची ओळख ‘माऊस’ अशीच करून देतात. बोटं किती आणि कुठे आहेत हे ते कळवत नाहीत. दोन बोटांचं सरकणं आतल्या आत चाकाच्या फिरण्यात बदलतात, आणि तीन बोटांच्या खुणांऐवजी विंडोजचे कीबोर्ड शॉर्टकट पाठवतात. विंडोजवर ते बरोबर चालतं, टॅबलेटला त्या शॉर्टकटचा अर्थ लागत नाही. म्हणून ट्रॅकपॅड निवडताना ‘ब्लूटूथ आहे का’ एवढा प्रश्न पुरत नाही. आपल्या टॅबलेटवर बहुबोटी खुणा चालतात असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच त्या चालतील असं धरावं.

२६ जानेवारी

फोटो आता बाहेरच्या एसएसडीवर ठेवलेत, टॅबलेटची जागा संपत आली होती. टाइप-सी हब घेतला: त्यात चार्जर, एसएसडी आणि माऊसचा रिसीव्हर. एकाच तोंडातून तिन्ही गोष्टी, शिवाय चार्जिंग चालू. कागदावर उत्तम.

प्रत्यक्षात फोटो उघडला की बाण अडखळायचा. दोन सेकंद सरळ, मग धक्का, मग उडी. एसएसडी काढली की थांबायचं. सेल बदलले, पुठ्ठा बदलला, काही फरक नाही. मग आठवलं: यूएसबी ३.० ची ५ गिगाबिटची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. माऊसचा रिसीव्हर नेमका त्याच पट्ट्यात ऐकत असतो, आणि आमच्या हबवर तो एसएसडीच्या तारेपासून बोटभर अंतरावर होता. गोंगाटात कुजबुज ऐकायला बसवल्यासारखं.

उपाय साधा निघाला. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर हबला लावली आणि रिसीव्हर तिच्या टोकाला, माऊसच्या शेजारी आणला. बाण पुन्हा सरळ. तात्पुरता ब्लूटूथ माऊसही लावून पाहिला, त्याला हबचा त्रास जाणवला नाही. त्याचा अँटेना टॅबलेटच्या आत, हबपासून लांब असतो.

२ फेब्रुवारी

ट्रॅकबॉल आला. हे आधीच सुचायला हवं होतं.

मोठ्या चेंडूचा, मधल्या बोटांनी फिरवायचा प्रकार घेतला. अंगठ्याने फिरवायचाही मिळतो, पण बाबांचा अंगठा लवकर दुखतो. टॅबलेटच्या दृष्टीने हा साधा माऊसच, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. ब्लूटूथवर जोडला आणि रिसीव्हरची वायर, अडॅप्टर, सगळं टेबलावरून उतरलं. ऑन-स्क्रीन कीबोर्डचंही काही बिघडलं नाही.

फरक कुठे पडला ते पहिल्या पाच मिनिटांत दिसलं. हात जागचा हलत नाही. मनगट टेकलेलं, तळवा टेकलेला, फक्त दोन बोटं चेंडूवर. टेकलेल्या हाताचं कंपन चेंडूपर्यंत फारसं पोचत नाही. आणि महत्त्वाचं: बाण जागी आला की बाबा चेंडूवरून बोटं पूर्ण उचलतात, मग अंगठ्याने बटण दाबतात. चेंडूला कोणाचा हातच नाही, मग क्लिकच्या धक्क्याने बाण सरकणार कसा? पंधरा तारखेला ज्यावर अडलो होतो ते असं सुटलं. लांबच्या प्रवासाचाही प्रश्न राहिला नाही. चेंडूला एक झटका दिला की तो घरंगळतो, बाण पडद्याच्या पलीकडे, मग बोटाने थांबवायचा.

बाबांनी आज चार पानं दुरुस्त केली. शेवटच्या पानात मी घड्याळ लावून पाहिलं, एका वेलांटीला सहा-सात सेकंद. पहिल्या दिवशी पाच-पाच वेळा टोचावं लागत होतं.

एक गोष्ट ट्रॅकबॉलला अवघड जाते: बटण दाबून धरून ओढणं. एका हाताच्या बोटांना दोन कामं एकदम करावी लागतात. लांब मजकूर निवडायचा असेल तर बाबा शब्दावर दोनदा क्लिक करतात, आणि निवडीच्या टोकांना येणाऱ्या थेंबासारख्या खुणा डाव्या हाताच्या बोटाने ओढतात.

९ फेब्रुवारी

ती थेंबांची गोष्ट लिहिताना लक्षात आलं नव्हतं, आज आलं. बाबा दोन्ही वापरतात. मी महिनाभर बोटाला पर्याय शोधत होते, आणि त्यांनी बोट सोडलेलंच नाही.

आज शेजारी बसून नुसतं बघितलं, बोलले नाही. डावा हात फोटोवर: पान मोठं करतो, सरकवतो, पुसट शाईवर थांबतो. डाव्या हाताला कंपन कमी आहे आणि फोटोवर नेम धरायचा नसतोच, कुठेही चिमूट घेतली तरी चालते. उजवा हात ट्रॅकबॉलवर: कर्सर, वेलांटी, माइक. दोन्ही हात एकमेकांना विचारत नाहीत. लॅपटॉपवर हे झालं नसतं. तिथे फोटो मोठा करायलाही बाण मजकुरातून उचलून पलीकडे न्यावा लागला असता, आणि परत येताना जागा पुन्हा शोधावी लागली असती. बाबांनी पहिल्या दिवशी लॅपटॉप नको म्हटलं ते किती बरोबर होतं!

म्हणून टॅबलेटचा स्टँड बदलला. आधी तो उभा होता, लॅपटॉपसारखा. उभ्या पडद्याला सतत हात लावायचा तर खांदा भरून येतो. आता तो टेबलाशी थोडासाच कलता ठेवलाय, डाव्या हाताचं कोपर टेकून पोचेल असा. ट्रॅकबॉल उजवीकडे, कोपर नव्वद अंशात राहील इतक्या अंतरावर. पॉइंटर मोठा दिसावा म्हणून ॲक्सेसिबिलिटीतलं ‘मोठा माउस पॉइंटर’ चालू केलं. पांढऱ्या पानावर बाण शोधत बसण्याचा त्यांचा वेळ वाचला.

१६ फेब्रुवारी

ट्रॅकबॉल अडखळू लागला, आडवा नीट, उभा रखडत. चेंडू खालून बोटाने ढकलला की बाहेर येतो. आत तीन बारीक मणी असतात ज्यांवर तो टेकतो, त्यांवर मळ आणि धाग्यांची वळी जमली होती. कापसाच्या काडीने काढली, चेंडू कोरड्या कापडाने पुसला. दोन आठवड्यांतून एकदा हे करायचं, बाबांना दाखवून ठेवलं.

सेलची एक शंका होती. रिचार्जेबल सेल पूर्ण भरून घातले तरी टॅबलेट ६० टक्केच दाखवत होता. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल निकेलचा १.२ व्होल्टचा. व्होल्टेजवरून टक्के काढणाऱ्या यंत्राला भरलेला रिचार्जेबल सेल अर्धवट संपलेला वाटतो. तो मग बराच काळ तिथेच राहतो आणि शेवटी एकदम खाली येतो. आकड्याकडे बघायचं नाही, दर महिन्याच्या एक तारखेला सेल बदलायचे.

झोपण्याचा त्रास ट्रॅकबॉललाही आहे. बाबांनी त्यावर स्वतःच तोड काढली: पानाचं शेवटचं वाक्य सांगता सांगता ते चेंडूला एक हलका धक्का देतात. वाक्य संपेपर्यंत बाण जागा झालेला असतो.

१ मार्च

पहिली वही संपली, १०४ पानं. उरली १,०३८.

रात्री मी शेवटचं पान तपासत होते. एका ओळीत ‘दीन’ होतं, मी ते ‘दिन’ केलं आणि झोपले. सकाळी उठून पाहते तर पुन्हा ‘दीन’. बाबा चष्मा लावून पुढच्या वहीचा पहिला फोटो डाव्या हाताने मोठा करत बसले होते. विचारलं तर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “तो शब्द मी सुधारला. दीर्घच हवा. त्या ओळीत दिवस नाही गं, माणूस आहे.”

सेल बदलले. चेंडू पुसला. दुसऱ्या वहीची शाई फिकट निळी आहे, फोटोंचा काँट्रास्ट वाढवून पाहायला हवा.